पट्टीच्या शेजारची भेग

ती गाडी मी का घेतली, याचं खरं उत्तर बायकोला मी आजपर्यंत दिलेलं नाही. भावाच्या पोरांना खेळायला होईल, असं काहीतरी तिला सांगून मोकळा झालो. खरं म्हणजे पन्नाशी उलटलेल्या माणसाला खेळणं हवं होतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

मलकापुरात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. रुळांच्या पलीकडे एका चाचांचं भंगाराचं आवार आहे आणि आठवड्यातून एकदा तिथं माझी फेरी ठरलेली असते. त्या दिवशी जुन्या पत्र्यांच्या मागे ही गाडी भिंतीला टेकून उभी होती. दिसायला मोटारसायकल, पण उंची माझ्या मांडीएवढी. नंबरप्लेट नाही, दिवा नाही, आरसा नाही. अंगावर नुकताच मारलेला काळा रंग होता. चाचा भंगारात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला तोच रंग फासतात, माणूस थांबला तर त्यालाही फासतील.

"हे काय आहे, चाचा?"

"मले काय मालूम, मिस्त्री? पोट्ट्यायची असंल. न्या तुमी, तुमाले शोभते."

टोमणा होता, तरी मी गाडी घेऊन आलो.

बायको दुकानाला लागूनच असलेल्या घराच्या दारात आली, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोनाची असंल, काय माहीत. अशी गाडी घरात काऊन आनली तुमी?"

"भंगारात सगळं कोणाचं ना कोणाचं असतंच," मी म्हणालो. त्या दिवसापासून ती गाडीच्या बाजूनं जाताना पदर आवरून जायची. मी हसायचो.

आधी ही आहे तरी काय, ते शोधायला बसलो. हँडलखालच्या मानेवर नंबर कोरलेला असतो, तिथं अर्धे आकडे गंजानं खाल्ले होते. इंजिनाचा नंबर डाव्या बाजूला खालून सापडला. इंजिन आडवं झोपलेलं, जुन्या लुनासारख्या छोट्या गाड्यांना शोभेल असं, पण चार गिअरचं. बायकोची शिवणकामाची टेप घेऊन चाकं मोजली. पुढचं चौदा इंची, मागचं बारा. मग मोबाइलवर फोटो लावून एकेक गोष्ट ताडून पाहिली आणि नाव सापडलं : पिट बाईक. शर्यतीच्या मैदानावर गाड्या दुरुस्त करायची जी जागा असते, तिथं इकडून तिकडं जायला म्हणून आधी हिचा वापर सुरू झाला. नंतर लोक हिच्यावरच मातीत उड्या मारायला लागले. रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. चिनी बनावटीची, पण घडण बरी होती.

तिसऱ्या किकला ती सुरू झाली. किती दिवस पडून होती कोण जाणे, कार्बोरेटर नुसता पेट्रोलनं धुतला होता. भर दुपारची वेळ, उन्हाळा, समोरचा रस्ता ओस. गाडी खोक्यावर चढवलेली, गिअर न्यूट्रलला, तरी मागचं चाक हळूहळू फिरत होतं. यात भुताटकी काहीच नाही. क्लचमधलं तेल जुनं होऊन घट्ट झालं की थोडी ओढ राहते आणि अधांतरी चाक फिरतं, हे मी दहा जणांना समजावून सांगितलेलं आहे. मी इंजिन बंद केलं. चाक थांबलं, जरा मागे आलं आणि हवेचा व्हॉल्व्ह खाली आणून स्थिर झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा तेच, तिथंच. चाक एका बाजूला जड असलं की असंच होतं, हेही मला माहीत होतं. पण चौथ्यांदा तसं झालं तेव्हा मी उठून दुकानाचं दुसरं शटरही वर केलं. उजेड हवासा वाटला.

देखभाल म्हणून जे जे करायचं ते सुरू केलं. तेल काढलं, काळं कुळकुळीत निघालं. चेन रॉकेलमध्ये बुडवली. हँडलच्या मानेतल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलल्या. आणि जसजसा हात फिरत गेला, तसतसं मला बरं वाटेनासं झालं. क्लचचा दांडा तार गुंडाळून मुठीच्या अगदी जवळ ओढून घेतलेला होता. मुठीचं रबर फक्त आतल्या अर्ध्या भागात झिजलेलं. सीटचा फोम मधोमध कापून खाली केलेला. म्हणजे हात लहान, पाय आखूड. मी बसून पाहिलं तर दांडा धरताना माझी बोटं दुमडत होती आणि गुडघे हँडलला लागत होते. सगळं कुणा दुसऱ्याच्या मापाचं होतं. माझ्याआधी बसलेलं माणूस अजून उतरलेलंच नाही, असं मला वाटलं आणि मी झटकन उतरलो.

लेकराची गाडी असेल, म्हणून मी मनाची समजूत घातली. मग मागचं चाक काढलं.

चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती धागे गुंडाळले गेले होते. हिरवे, बारीक, ओढणीचे. टोकदार पकडीनं उकलत गेलो तर त्या धाग्यांसोबत एक लांब काळा केस निघाला. उकलला तसा निघतच राहिला, माझ्या हातभर झाला. ओढणी चाकात गेली की काय होतं, ते या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. मी केस कागदात ठेवला. टाकून द्यावा तर हात होईना, ठेवावा तर कुठं ठेवावा कळेना.

एअर फिल्टरचा फोम काढला, तर त्यात काळ्या मातीसोबत सुकलेल्या बारीक पांढऱ्या पाकळ्या अडकलेल्या. वास गेलेला होता. पण संत्र्याच्या बागेत मी पुष्कळ फाटकं बसवली आहेत, त्या बहराच्या पाकळ्या मी ओळखतो. म्हणजे ही गाडी मलकापूरची नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपुराकडे कुठंतरी, फुललेल्या झाडांच्या ओळींमधून लांब केसांची, लहान हातांची एक बाई ही गाडी चालवत होती.

बायको म्हणाली, "परत देऊन टाका." तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण मी हट्टी आहे, आणि मागचा शॉकअप बदलून गाडी थोडी उंच करायची, हा बेत डोक्यात पक्का बसला होता. एका मोडक्या मोपेडचा चांगला शॉकअप माझ्याकडे पडून होता. तो बसवायचा तर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा साफ करणं भाग होतं. मी चिमटा सोडवून कामाच्या टेबलावरच्या शिकंज्यात आवळला आणि त्याच्यावरचा काळा रंग ग्राइंडरनं उडवला.

रंगाखाली डाव्या दांडीवर दोन जोड होते, एकमेकांना खेटून. एक जोड म्हणजे शेण थापल्यासारखा गोळा. मी मोठ्यानं हसलो. "हा कोण गधा?" असं रिकाम्या दुकानात बोललोही. दुसरा जोड मात्र देखणा होता. दांडीवर पट्टी मारलेली, पट्टीचे कोपरे कापलेले, टाका एकसारखा, जणू शिवणयंत्रावर घातलेला. आणि शेवटाला टाका थोडा मागे वळवून संपवलेला.

माझं हसू थांबलं. टाका मागे वळवून संपवायची सवय माझ्या उस्तादांनी मला लावली, म्हणजे शेवटी खड्डा राहत नाही. पट्टीचे कोपरे कापायची खोड माझी स्वतःची. आसपास दुसरं कुणी तसं करत नाही. जी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती, तिच्या अंगावर माझा हात होता.

ग्राइंडर बंद केल्याचंही आठवत नाही.

आमच्याकडे कामाची एक रीत आहे. माणूस यंत्र घेऊन येत नाही, तुटलेला तुकडा तेवढा सोडवून आणतो. वखराची दांडी, मळणीयंत्राचा पाय, पाळण्याची कडी, पोत्यात घालून एसटीनं. आम्हीही विचारत नाही की हे कशाचं. तुकडा पाहायचा, जोडायचा, आणि विश्वास बसावा म्हणून वरून पट्टी मारायची. पट्टी मारली की गिऱ्हाईक खूष. वखराला ते चालतंच, वखराची दांडी भरीव असते.

मला तो माणूस आठवला. चार-पाच वर्षं झाली असतील. खताच्या पोत्यातून त्यानं हा चिमटा काढला होता, दांडीला बारीक तडा होता. बहीण मलकापुरात दिली आहे, तिच्याकडे आलो, असं म्हणाला होता. मी पट्टी मारली आणि टाका थंड व्हायच्या आत म्हणालो होतो, "जिंदगीभर हालनार नाही." हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला म्हणतो.

आता मी भिंग घेऊन बसलो. शेणगोळा घासून काढला. त्याच्याखाली पाइप आरपार तुटल्याची रेघ होती आणि ती माझ्या पट्टीच्या काठापासूनच सुरू झाली होती. पाइप पातळ, पोकळ. खड्ड्यात गाडी आपटली की तो जरा लवतो, लवायलाच हवा. मी पट्टी मारून एक जागा दगडासारखी केली आणि सगळा भार पट्टीच्या काठावर आणून ठेवला. रेघेच्या सुरुवातीला जुना, खोल गंज होता. म्हणजे तुटायच्या आधी कित्येक महिने ती भेग आतल्या आत वाढत होती. माझा जोड शाबूत राहिला आणि शेजारचं तुटलं.

चिमट्याच्या आतल्या अंगाला, जिथं चाचांचा रंग पोचला नव्हता, टायर घासल्याचा काळा पट्टा होता. रबराच्या त्या थरावर चिकटून हिरवे धागे होते. थराखाली एकही नव्हता. आधी दांडी तुटली, चाक कलतं झालं, टायर घासला आणि मग ओढणी खेचली गेली.

बाई जिवंत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. त्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या वस्तूला वेल्डिंगचा रॉड लावायची माझी छाती होणार नव्हती.

चाचांकडे गेलो. ते गाडी कुठून आली ते आधी सांगेनात. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "सोनाळ्याहून आली. बाई पडली होती म्हने तिच्यावरून."

"वाचली का?"

"थे मी नाही पुसलं, मिस्त्री. पुसलं तं माल घेता येत नाही."

दुसऱ्या दिवशी चिमटा एका पोत्यात गुंडाळून मोटारसायकलला बांधला आणि निघालो. बायकोला फक्त सोनाळ्याला जातो म्हणालो. तिनं पोत्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली दिली. नांदुरा मागे पडलं, पूर्णेचा पूल गेला, जळगाव जामोदच्या पुढे डोंगर जवळ आला. वाटभर मला पाठीमागे वजन जाणवत होतं. एवढासा चिमटा, पण कुणी माणूस बसल्यासारखं. दोनदा मी थांबून दोरी तपासली. दोरी घट्टच होती.

सोनाळ्यात एका पानठेल्यावर विचारलं, ती छोटी गाडी कोणाकडे होती. ठेलेवाला ताबडतोब म्हणाला, "हाव, ओढनीवालीचं घर. बागेच्या रस्त्यानं सरळ जा." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाई आहे का, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

बागेच्या रस्त्याला दुपारी चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडे संत्र्याची झाडं, खाली गर्द सावली, ठिबकच्या नळ्यांतून पाणी पडल्याचा एवढा बारीक आवाज की आपल्याच कानात होतोय असं वाटावं. घर शेवटाला होतं. दार उघडं, अंगण झाडलेलं, माणूस दिसेना. आवाज द्यावा तर काय म्हणून द्यावा? मी पोतं छातीशी धरून उभा राहिलो. ओट्यावर एक हिरवी ओढणी वाळत होती आणि वारा नसताना तिचं एक टोक हलत होतं. नीट पाहिलं तर खाली मांजर बसलं होतं.

आतून ठक असा आवाज आला. मग थांबून पुन्हा ठक. काठीचा. दारात एक बाई येऊन उभी राहिली, पस्तिशीची, ठेंगणी, वेणी कमरेच्या खाली. डावा पाय ताठ. मला एकदम रडूच आलं आणि मी ते खोकल्यावर नेलं.

"कोन पायजे?" तिनं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बागेतून तिचा नवरा आला आणि त्यानं मला लगेच ओळखलं. "अरे, मिस्त्री! मलकापूरवाले ना तुमी? या, बसा. पानी आन वं."

बसलो. त्यानंच सगळं सांगितलं, मला काही विचारावं लागलं नाही. पुण्याच्या मित्रानं ती गाडी दिली होती. त्याला स्वतःला ती लहान पडायची, पण हिला बरोबर बसली. बागेत डबा नेणं, नळ्या पाहणं, सगळं ती गाडीवरून करायची. घरात कुणाला पसंत नव्हतं. मग एक दिवस पडली. पायात सळई घातली आहे. गाडी ढकलत घरी आणता यावी म्हणून गावातल्या एकानं चिमट्याला कसाबसा जोड मारला, आणि नंतर गाडी पडून राहिली ती भंगारात जाईपर्यंत.

"माहा भाऊ तुमच्यावर चवताळला होता," तो म्हणाला. "मी म्हनलं, जोड पाहा आधी. तुमचा जोड जसाच्या तसा होता, मिस्त्री. थ्याले काही झालं नव्हतं. हिची ओढनी चाकात गेली अन् झटका बसून पाइप तुटला. तुमचा काय दोष? तवापासून गावातलं काम मी तुमच्याकडंच धाडतो."

बाई पाण्याचा तांब्या घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. खाली पाहत होती. हे तिनं पुष्कळदा ऐकलेलं असणार, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

उठून निघून यायला काहीच हरकत नव्हती. बाई जिवंत होती, मला तेवढंच हवं होतं. माझं नाव चांगलं होतं आणि ते चांगलं राहणार होतं. पण त्या नावाची किंमत कोण भरत होतं, ते समोर उभं होतं. मी पोतं सोडलं आणि चिमटा ओट्यावर ठेवला.

"ओढणीनं नाही तुटला," मी म्हणालो. "आधी तुटला, मग ओढणी गेली." मी रबर घासल्याचा पट्टा दाखवला, त्याच्यावरचे धागे दाखवले, गंज दाखवला. "हा पाइप माझ्या पट्टीनं तुटला. पट्टी मारायलाच नको होती. कशाचा तुकडा आहे, तेही मी विचारलं नव्हतं. ओढणी नसती तरी तुटला असता."

नवरा हसला. "काय सांगता, मिस्त्री! जोड तं पक्का आहे."

"जोड पक्का आहे म्हणूनच शेजारचं तुटलं."

तो हसायचा थांबला. चिमटा हातात घेऊन त्यानं भेगेवरून नख फिरवलं. पट्टीच्या काठाशी नख अडकलं. त्यानं पुन्हा फिरवलं.

बाईनं तांब्या खाली ठेवला. "म्हंजे मी सांगत होती थे," ती थांबून थांबून बोलली, "का आधी खालून कडाड वाजलं, मंग मी पडली, थे खरं होतं?"

"खरं होतं."

"ओढनी खोसेल होती माही."

"खोसलेलीच असणार. चाक कलतं झाल्यावर ती सुटली."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल. शिव्यांची मी तयारी करून गेलो होतो. ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलं का?" तो मान खाली घालून चिमट्याकडेच पाहत होता. "हाव," एवढंच म्हणाला.

"पुन्हा सांगा, भाऊ," ती मला म्हणाली. "आतमंदी बुढी आहे, तिले कमी आयकू येते. जोऱ्यात सांगा."

मी आत गेलो. सासू बाजेवर बसून तूर निवडत होती. तिच्या कानाशी वाकून मी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, चूक माझी होती हे दोनदा. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या सुनेकडे पाहिलं, आणि तिचा हात सुपातल्या सुपात थांबला. सून तिच्या बोलण्यासाठी थांबली नाही. तिनं वाळत टाकलेली ओढणी ओढली, डोक्यावरून घेऊन कमरेला गच्च खोचली, आणि चपला पायात सरकवल्या.

"आता गावात चला," ती म्हणाली. "थो चिमटा घ्या सोबत."

काठी टेकत ती पुढे निघाली आणि मी चिमटा खांद्यावर घेऊन तिच्या मागे.